परवाना मंजूर झाला, आता रिव्हॉल्व्हर कुठलं आणि ठेवायचं कुठे?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: पुण्यात सराफी दुकान, रात्री नऊनंतर स्कूटरवरून दहा-बारा किलोमीटर घरी, अधूनमधून सोबत ऐवज. दोनदा कुणीतरी मागावर असल्यासारखं वाटलं, तक्रार दिलीत, अर्ज केलात आणि आता शस्त्र परवाना मंजूर झालाय. तर लहानात लहान आणि हलकं रिव्हॉल्व्हर कोणतं घ्यावं, की पिस्तूल बरं, आणि ते कंबरेला लावावं की बॅगेत ठेवावं? शेवटी जाता जाता एक ओळ लिहिलीत की घरात सातवीतला मुलगा आहे आणि बायकोचा याला विरोध आहे. ती ओळ मी सगळ्यात आधी वाचली असं समजा.

माझी नोकरी पोलिसांच्या शस्त्रागारात गेली. हत्यारं उघडायची, दुरुस्त करायची आणि शिपायांना चालवायला शिकवायची. निवृत्तीनंतर तुमच्यासारख्या परवानाधारकांना शिकवतो. येणारा प्रत्येक जण मॉडेल विचारत येतो. मॉडेलचं उत्तर दहा मिनिटांत देता येतं आणि ते पुढे देतोच. पण शहरात हत्यार बाळगणाऱ्याची खरी अडचण वेगळी असते. ज्या दोन-तीन सेकंदांसाठी ते घेतलं ते आयुष्यात बहुधा कधी येतच नाहीत. उरलेले चोवीस तास मात्र ते कुठेतरी ठेवावं लागतं. दुकानात, स्कूटरवर, डॉक्टरकडे, साडूच्या घरी जेवायला गेल्यावर, झोपताना. या प्रत्येक ठिकाणी ते नेमकं कुठे असेल हे तुम्हाला सांगता येत नसेल, तर अजून खरेदीची वेळ झालेली नाही.

आता यातलं बरंच तुमच्या परिस्थितीवर अवलंबून आहे. धोका कुठून आहे, म्हणजे खंडणीसाठी धमक्या येताहेत, की ऐवज घेऊन जाताना लुटण्याची भीती आहे? अंगकाठी कशी, कपडे कसे घालता, वय किती? वय विचारतोय कारण चाळिशीचा चष्मा लागला की नळीच्या टोकावरची माशी, म्हणजे नेम धरायचा खुंट, पुसट दिसते, आणि रात्री तर दिसतच नाही. हे सगळं मला माहीत नाही. म्हणून जे बहुतेकांना लागू पडतं तेवढंच सांगतो.

कागदापासून सुरुवात करू. परवान्यावर क्षेत्र लिहिलेलं असतं. ते एखाद्या जिल्ह्यापुरतं, महाराष्ट्रापुरतं किंवा संपूर्ण भारतासाठी असू शकतं. माल आणायला सुरतेला किंवा लग्नाला बेळगावला जात असाल आणि क्षेत्र महाराष्ट्रापुरतंच असेल, तर सीमा ओलांडताच तुमचं कायदेशीर हत्यार बेकायदा होतं. काडतुसांची मर्यादाही तिथेच लिहिलेली असते. आयुक्तालयाच्या हद्दीत परवाना पोलीस आयुक्त देतात, इतरत्र जिल्हा दंडाधिकारी; शंका असेल तर त्यांच्याच शाखेत विचारा, शस्त्र दुकानदाराच्या शब्दावर जाऊ नका. २०१९ च्या दुरुस्तीनंतर परवान्याची मुदत तीन वर्षांवरून पाच झाली आहे, त्यामुळे नूतनीकरण विसरणारे आता जास्त दिसतात. तारीख लिहून ठेवा.

आणि हो, परवाना तुमच्या नावावर आहे. बायकोच्या पर्समध्ये, नोकराच्या हातात, ड्रायव्हरच्या खणात ते ‘पाच मिनिटं’ ठेवणं हा गुन्हा आहे. हे बहुतेकांना माहीतच नसतं.

आता मॉडेल. आपल्याकडे नेहमीच्या परवान्यावर .३२ किंवा .२२ बोअर (म्हणजे नळीच्या भोकाचं माप) मिळतं; ९ मिमी, .३८ वगैरे विसरा. कानपूरच्या ऑर्डनन्स फॅक्टरीचं, म्हणजे सरकारी शस्त्र कारखान्याचं, .३२ चं रिव्हॉल्व्हर सगळ्यांनी पाहिलेलं असतं. सहा गोळ्या, साधारण सातशे ग्रॅम वजन, तीन इंची नळी. २०१४ मध्ये कानपूरनेच ‘निर्भीक’ काढलं, टायटॅनियमच्या मिश्रधातूचं, पाचशे ग्रॅमच्या आसपास. महिलांसाठी म्हणून त्याची जाहिरात झाली आणि किंमत तेव्हाच सव्वा लाखाच्या जवळ होती. .२२ चं ‘निडर’ त्याहूनही हलकं आहे.

तुम्हाला ‘हलकं’ हवंय. हातात धरून दुकानात उभं राहिलं की हलकं नेहमीच आवडतं. पण हिशेब करा. घोडा, म्हणजे मागची हातोडी, आधी न चढवता, सरळ चाप (ट्रिगर) ओढून गोळी झाडायची तर त्या चापाला चार-पाच किलोचा जोर लागतो, कधी त्याहून जास्त. अर्ध्या किलोच्या वस्तूवर पाच किलोचा जोर लावला की वस्तू हलणारच. नळी आखूड, म्हणजे पुढची माशी आणि मागची खाच यांत अंतर कमी, त्यामुळे हाताचा केसभर कंप टार्गेटवर वीतभर होतो. काडतूस तेच, पण हत्यार हलकं, म्हणून झटका जास्त. नेमबाजीच्या रेंजवर सात मीटरवरून नवा माणूस पहिल्यांदा असं रिव्हॉल्व्हर चालवतो तेव्हा उजव्या हाताच्या माणसाच्या गोळ्या खाली डावीकडे गोळा होतात. काही कागदाबाहेरच जातात. सात मीटर म्हणजे तुमच्या दुकानाच्या काउंटरपासून रस्त्यापर्यंतचं अंतर. तिथे उजेड आहे, समोर कागद आहे, कुणी कोयता उगारलेला नाही.

म्हणून माझं मत: अंगावर सातशे ग्रॅम सहन होत असतील तर सातशेचंच घ्या. दोनशे ग्रॅमचा त्रास कंबरेला आठवडाभर होतो, मग पट्ट्याची सवय होते.

पिस्तूल की रिव्हॉल्व्हर, हे तुम्हाला कुणी तरी विचारायला लावलंय असं दिसतं. इशापूरच्या सरकारी कारखान्याचं .३२ चं ‘अशनी’ पिस्तूल चपटं आहे, शर्टाखाली कमी दिसतं, हे खरं. तरीही तुमच्यासारख्याला, म्हणजे ज्याचा सराव महिन्याकाठी जेमतेम होणार त्याला, मी रिव्हॉल्व्हरच सुचवतो. पिस्तुलाचं मॅगझिन, म्हणजे गोळ्यांची पेटी, काढलं की माणसाला वाटतं रिकामं झालं, आणि एक गोळी नळीत तशीच बसलेली असते. घरात चुकून सुटणाऱ्या गोळीमागे हा प्रकार वारंवार दिसतो. रिव्हॉल्व्हर उघडलं की सहाच्या सहा भोकं डोळ्यांसमोर येतात. रिकामं आहे की भरलेलं, यात मतभेदाला जागा नाही. काडतूस फुसकं निघालं तर पुन्हा चाप ओढायचा, पुढचं काडतूस आपोआप नळीसमोर येतं. पिस्तुलात तेच करायला दोन्ही हात आणि डोकं शांत लागतं.

कानपूरचं हत्यार मधून मोडून उघडतं, जुन्या ब्रिटिश वेबली रिव्हॉल्व्हरसारखं. डाव्या बाजूचा खटका अंगठ्याने दाबला की नळी पुढे झुकते आणि गोळ्यांच्या फिरत्या चाकातली (सिलिंडरमधली) चांदणीसारखी चकती वर उठून पुंगळ्या, म्हणजे झाडलेल्या काडतुसांची रिकामी टरफलं, बाहेर ढकलते. इथे एक बारकी गोष्ट आहे. नळी जमिनीकडे धरून हळूच उघडलं तर एखादी पुंगळी चांदणीच्या खाली घसरते, तिची कड अडकते आणि हत्यार धड बंद होत नाही, धड उघडत नाही. म्हणून नळी आकाशाच्या दिशेने तिरकी करायची आणि एका झटक्यात पूर्ण उघडायचं, पुंगळ्या खाली पडू द्यायच्या. बोटं सिलिंडर आणि नळी यांच्या फटीपासून मागे ठेवायची. तिथून प्रत्येक बाराला गरम वायू आणि शिशाचे कण बाजूला उडतात. दोन्ही हातांनी रिव्हॉल्व्हर धरणारे डाव्या हाताचं बोट नेमकं तिथेच नेतात.

आता ठेवायचं कुठे. २०१६ च्या शस्त्र नियमांप्रमाणे सार्वजनिक ठिकाणी हत्यार होल्स्टरमध्ये किंवा तशाच आवरणात, पूर्ण झाकलेलं आणि तुमच्या ताब्यात असायला हवं. लग्नात, मिरवणुकीत, मेळाव्यात ते दाखवणं किंवा हवेत बार काढणं यावर परवाना रद्द होऊ शकतो. उत्साहात निष्काळजीपणे गोळीबार करणाऱ्याला २०१९ पासून दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही आहे.

बॅगेचा विचार डोक्यातून काढून टाका. तुमची भीतीच मुळी बॅग हिसकावली जाण्याची आहे ना? मग ऐवजाबरोबर भरलेलं रिव्हॉल्व्हरही चोराला देणार का? स्कूटरच्या डिकीचं तर नावच नको. डिकी स्क्रूड्रायव्हरने उघडते, आणि पेट्रोल भरताना ती तुम्ही स्वतः पंपावर सगळ्यांसमोर उघडता. पॅन्टचा खिसाही नको. खिशात किल्ल्या असतात, नाणी असतात, त्यांतलं काहीही चापात अडकू शकतं.

उरली कंबर. उजव्या हाताने काम करत असाल तर उजव्या बाजूला, हाडाच्या किंचित मागे. होल्स्टर असा की चापाभोवतीची कडी पूर्ण झाकली जाईल, वरून बटणाची पट्टी किंवा घट्ट पकड असेल आणि उलटा धरून हलवला तरी हत्यार पडणार नाही. त्यासोबत जाड, ताठ पट्टा. पातळ पट्ट्यावर सातशे ग्रॅम लटकले की पॅन्ट एका बाजूला झुकते, माणूस दर दोन मिनिटांनी ती वर ओढतो, आणि बघणाऱ्याला सगळं कळतं. शर्ट बाहेर सोडलेला, एक माप मोठा. तुम्ही काउंटरखालचा ट्रे काढायला वाकाल तेव्हा मागून शर्ट किती वर जातो, हे आरशात नाही, बायकोला मागे उभं करून बघा. विरोध असला तरी एवढी मदत त्या करतील.

माझ्याकडे शिकायला आलेला एक ठेकेदार पुतण्याच्या हळदीत नाचला. कुर्ता वर गेला, कुणीतरी मोबाइलवर ते टिपलं आणि ते चित्रण पोलीस ठाण्यापर्यंत पोचलं. त्याने हत्याराला हातही लावला नव्हता. तरी नोटीस आली आणि खुलासे देता देता वर्ष गेलं.

आपल्याकडच्या हवेचंही बघा. जून ते सप्टेंबर पुण्यातही हत्यार ओलं होतं, मुंबईत तर बारा महिने घाम. चामड्याचं होल्स्टर ओल धरून ठेवतं. रात्री हत्यार त्यातून काढून, पुसून, तेलाचा हलका हात फिरवून वेगळं ठेवायचं. तेल काडतुसांना लागू द्यायचं नाही, ते आत झिरपलं तर काडतूस फुसकं निघतं. महिनोन्महिने कंबरेवर फिरलेली काडतुसं रेंजवर वापरून टाका आणि नवी भरा.

स्कूटरबद्दल आता थोडं स्पष्ट बोलतो. चालत्या स्कूटरवर तुमचे दोन्ही हात हँडलवर, अंगात जर्किन, डोक्यावर हेल्मेट. मागून मोटारसायकलवर दोघे येतात, एक लाथ घालतो, तुम्ही रस्त्यावर. या सगळ्यात रिव्हॉल्व्हर कुठे बसतं? उजव्या बाजूवर पडलात तर तुमच्या आणि डांबराच्या मध्ये. ते उपयोगी पडण्याची शक्यता फार थोडी आहे, आणि पडल्यावर ते दुसऱ्याच्या हाती लागण्याची शक्यता बरीच. म्हणून ऐवज घरी नेणंच बंद करता येतंय का ते आधी बघा. दुकानात चांगली तिजोरी, बँकेत लॉकर, विमा, नेणं अटळ असेल तेव्हा चारचाकी आणि सोबत एक माणूस, वेळ आणि रस्ता बदलता. पाठलागाचा संशय आला तर घराकडे वळायचं नाही, उजेडातल्या पोलीस चौकीकडे किंवा चालू पेट्रोल पंपाकडे जायचं आणि ११२ लावायचा. हे सांगितलं की लोक नाराज होतात, कारण रिव्हॉल्व्हरबद्दल विचारायला आलेला माणूस लॉकरबद्दल ऐकायला तयार नसतो.

ज्या दुकानदाराला नावानिशी धमक्या येताहेत, जो दुकान बंद करताना शटरपाशी एकटा असतो, त्याची गोष्ट वेगळी. तिथे पाय जमिनीवर असतात, पाठीमागे भिंत असते, समोरचा दिसतो. त्याला हत्याराचा उपयोग होऊ शकतो, आणि त्याला मी नको म्हणत नाही.

गोळी झाडली तर ती कुठे जाईल, हा शहरातला सगळ्यात अवघड भाग. .३२ ची शिशाची गोळी साधारण सहा ग्रॅमची, सेकंदाला दोनशे मीटरच्या थोड्या वर वेगाने जाते. इतर हत्यारांपुढे ही कमजोर. पण हुकलेली गोळी समोरच्या रसवंतीपर्यंत, बसस्टॉपपर्यंत सहज पोचते आणि तिथे जीव घेते. रात्री साडेनऊला लक्ष्मी रस्त्यावर मोकळी पार्श्वभूमी कुठे मिळणार?

कायदा काय म्हणतो तेही ऐका. स्वसंरक्षणाचा हक्क भारतीय न्याय संहितेत कलम ३४ ते ४४ मध्ये आहे. जुन्या दंडविधानातली ९६ ते १०६ कलमं तीच. गरजेपेक्षा जास्त इजा करता येत नाही, आणि पोलिसांची मदत घ्यायला वेळ असेल तर हा हक्क मिळत नाही, हे कलम ३७. जीव घेण्यापर्यंत जायची मुभा कलम ३८ मधल्या ठरावीक प्रसंगांत, म्हणजे मृत्यूची किंवा गंभीर दुखापतीची रास्त भीती, बलात्कार, अपहरण, ॲसिड हल्ला अशा वेळी. मालमत्तेसाठी कलम ४१ आहे. त्यात जबरी चोरी येते, रात्रीची घरफोडी येते, पण साधी चोरी तेव्हाच येते जेव्हा तिच्यासोबत जिवाची किंवा गंभीर दुखापतीची भीती असेल. साखळी हिसकावून पळणाऱ्याच्या पाठीत घातलेली गोळी बचाव म्हणून कोर्टात टिकवणं महाकठीण. हक्काच्या मर्यादेत राहून झाडलेली असली तरी गुन्हा दाखल होईल, पंचनामा होईल, रिव्हॉल्व्हर जप्त होऊन न्यायवैद्यक प्रयोगशाळेत जाईल, दुकान काही दिवस बंद राहील. वकिलाचा नंबर आधीच फोनमध्ये असू द्या. आणि नुसतं घाबरवायला हत्यार बाहेर काढणं, पार्किंगच्या भांडणात शर्ट वर करून दाखवणं, यालाही गुन्हाच म्हणतात. ज्या दिवशी कंबरेला हत्यार आहे त्या दिवशी सिग्नलवरच्या शिव्या मुकाट ऐकून घ्यायच्या आणि दारूला शिवायचं नाही. हे जमत नसेल तर परवाना परत करा, मी हे चेष्टेत म्हणत नाहीये.

सराव. अर्ज करताना प्रशिक्षणाचं प्रमाणपत्र तुम्ही जोडलं असेलच, पण त्या प्रशिक्षणात हात बसत नाही. जवळच्या रायफल क्लबमध्ये सदस्य व्हा. काडतुसं महाग आणि मोजून मिळतात, म्हणून घरी रिकाम्या हत्याराचा सराव जास्त उपयोगी: खऱ्या गोळ्या दुसऱ्या खोलीत कुलपात, सिलिंडरमध्ये नकली काडतुसं, समोर जाड भिंत, आणि चाप एकसंध ओढताना माशी हलते का ते बघायचं. रोज दहा मिनिटं. .२२ चं घेतलंत तर त्यात मोकळा चाप ओढू नका. त्याची पिन काडतुसाच्या कडेवर मारते, काडतूस नसलं की सिलिंडरच्या कडेवर आदळते. रेंजवर काडतूस फुसकं निघालं तर उघडायची घाई नको, नळी टार्गेटकडे धरून अर्धा मिनिट थांबा. काही काडतुसं उशिरा पेटतात. कानाला संरक्षण हवंच. बंद गाडीत एक बार काढला तर कान कायमचे जाऊ शकतात, हेही लक्षात असू द्या.

घर. सातवीतल्या मुलाला घरातली प्रत्येक ‘लपवलेली’ जागा माहीत असते. कपाटावरचा डबा, साड्यांच्या घडीखाली, देवघरामागे, सगळं. अर्ज करताना हत्यार सुरक्षित ठेवायची लेखी हमी तुम्हीच दिलेली आहे. भिंतीला किंवा जमिनीला बोल्टने पक्की केलेली छोटी तिजोरी घ्या, नंबरची; किल्लीची असेल तर किल्ली फक्त तुमच्या अंगावर. काडतुसं वेगळ्या कुलपात. उशीखाली भरलेलं ठेवणारे मी पाहिलेत, झोपेतून दचकून उठलेला माणूस काय करेल सांगता येत नाही. मुलापासून हत्यार आहे हे लपवू नका. एकदा, पूर्ण रिकामं करून, समोर बसवून दाखवा. हात लावायचा नाही, कुणाच्या हातात दिसलं तर खोलीबाहेर जायचं आणि मोठ्यांना सांगायचं, मित्रांना यातलं काही बोलायचं नाही. बायकोशी मात्र खरेदीच्या आधी बोला. त्यांच्या विरोधात एखादी अशी गोष्ट असेल जी तुम्ही मला लिहिलेली नाही. घरात कुणाला नैराश्य असेल, कुणी रागाच्या भरात भान हरपत असेल, तर हत्यार घरात आणूच नका.

शहरात अशा किती जागा आहेत जिथे ते घेऊन जाता येत नाही, हे पहिल्या आठवड्यातच कळतं. मेट्रो नाही, मॉल आणि मल्टिप्लेक्स नाही, कोर्ट नाही, मोठ्या देवळांत मेटल डिटेक्टरची कमान. गेटवरच्या रखवालदाराकडे ठेवायला द्यायचं नाही, गाडीत सोडायचं नाही. म्हणून सकाळी निघताना दिवसभराचे थांबे डोळ्यांसमोर आणा. एखाद्या ठिकाणी अडचण असेल तर ते त्या दिवशी तिजोरीतच राहू द्या. लांबच्या गावाला जाणार असाल तर परवानाधारक शस्त्र दुकानात किंवा पोलीस ठाण्यात जमा करता येतं. निवडणुकीच्या वेळी जमा करण्याचा आदेश निघतो. सरसकट सगळ्यांना नाही, छाननी समिती ठरवते. तुमचं नाव आलं आणि धोका खरा असेल तर लेखी अर्ज करून कारण मांडा. जमा करताना पावती घ्या, तिच्यावर हत्याराचा क्रमांक परवान्यातल्या क्रमांकाशी जुळतो का ते तिथेच उभं राहून वाचा, आणि परत घेताना काडतुसं मोजून घ्या.